नोंद नसलेले मृत्यू

रघू गेला तेव्हा आम्ही सगळे एकच वाक्य बोललो, "काहीतरी खाल्लं असेल बिचाऱ्यानं." रघू हा आमच्या डॉग पार्कमधला, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायच्या कुंपणातल्या जागेतला, म्हातारा लॅब्राडोर. मागचे पाय धरलेले, पण आतलं फाटक उघडलं की कुंपणाच्या कडेकडेनं एक पूर्ण फेरी हुंगून झाल्याशिवाय तो कुणाकडे ढुंकूनही बघायचा नाही. त्याला आणणाऱ्या आजी काठी टेकत त्याच्यामागून चालायच्या. एक दिवस आजी एकट्याच आल्या. हातात त्याचा पट्टा होता. आधी नुसता मलूल झाला म्हणाल्या, मग जेवेना, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, शेवटी नाकातून रक्त आलं आणि रात्रीतून सगळं संपलं. वय झालेलंच होतं, म्हणून सकाळी पुरून टाकलं. आम्ही हळहळलो. कुणी आजींच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी दिलं.

पंधरवड्यानं एका तरुण जोडप्याची बीगल तशीच गेली. जेमतेम तीन वर्षांची. तेव्हाही आम्ही तेच वाक्य बोललो.

तिसरं कुत्रं वाचलं ते त्याच्या मालकिणीची नजर त्याच्यावर होती म्हणून. कुंपणाच्या जाळीलगत त्यानं काहीतरी तोंडात धरलेलं तिला दिसलं. तिनं जबडा उघडून ते बाहेर काढलं. मांसाचा गोळा होता, आणि आत निळसर हिरवे दाणे दाबून भरलेले होते. पशुवैद्यांनी पाहताक्षणी सांगितलं, उंदरांचं औषध. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा मागे जाऊन दिवस मोजायला बसलो, आणि आमच्या लक्षात आलं की रघू आणि बीगल कदाचित एकाच हातानं मेले असतील. कदाचित. कारण सिद्ध करायला हातात काहीच उरलं नव्हतं. दोघांचंही शवविच्छेदन झालेलं नव्हतं आणि दोघांची कुठे नोंदही नव्हती.

या कदाचितबद्दल मला लिहायचं आहे.

उंदरांच्या बहुतेक आधुनिक विषांमध्ये ब्रोडिफॅकूम किंवा ब्रोमॅडिओलोन यांसारखी रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, आणि त्यासाठी 'के' जीवनसत्त्व लागतं. शरीर हे जीवनसत्त्व वापरून झाल्यावर पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं. विष नेमकं हेच चक्र बंद पाडतं. पण रक्तात आधीपासून फिरणारे घटक आणखी काही काळ टिकतात, त्यामुळे विष पोटात गेलेलं कुत्रं त्या संध्याकाळी खेळतं, दुसऱ्या दिवशी जेवतं, शेपूट हलवत फिरायलाही निघतं. लक्षणं दिसतात ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तोवर छातीत, पोटात, सांध्यांत रक्तस्राव सुरू झालेला असतो. वेळेत कळलं तर 'के-१' जीवनसत्त्वाच्या उपचारानं, काही आठवडे चिकाटीनं औषध देऊन, यातली बरीच कुत्री वाचतात. म्हणजे रघू वाचू शकला असता, बीगल तर नक्कीच वाचू शकली असती, असं मला वाटत राहतं.

मधले हे तीन-चार दिवस विष घालणाऱ्याच्या पथ्यावर पडतात. विषाचा उंदरावर उपयोग होतो तोही याच कारणानं, खाल्लं आणि मेलं यातला संबंध उंदराला कळत नाही. आपल्यालाही तो कळत नाही. विष खाल्लेलं कुत्रं घरी मरतं, पार्कात नाही. मालकाला आठवते ती कालची गोष्ट, चार दिवसांपूर्वीची नाही. प्रत्येक घर आपापलं दुःख आपापल्या घरात उरकतं, आणि दहा घरांतले दहा मृत्यू हे दहा वेगळे दुर्दैवी योग ठरतात. त्यांना जोडणारा धागा फक्त कागदावर दिसू शकतो. कुठल्या तारखेला, कुठलं कुत्रं, कुठली लक्षणं, शेवटचं कुठे फिरलं. अशा चार ओळी दोन वेळा एकाखाली एक लिहिल्या असत्या, तर तिसरा गोळा पडण्याआधी फाटक बंद झालं असतं.

म्हणून माझी मागणी आहे की सार्वजनिक जागेशी संबंध असू शकेल अशा कुत्र्याच्या प्रत्येक संशयास्पद मृत्यूची आणि विषबाधेची नोंद सक्तीची व्हावी, शवविच्छेदन सरकारी खर्चानं व्हावं आणि त्याचा निष्कर्ष त्या पार्कच्या फाटकावर लागावा. हे मालकाच्या मर्जीवर किंवा ऐपतीवर सोडू नये, आणि पशुवैद्याच्या सौजन्यावरही नाही.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी इटलीकडे बघावं. तिथल्या आरोग्य मंत्रालयानं डिसेंबर २००८मध्ये विषारी आमिषांविरुद्ध एक आदेश काढला. आमिष टाकण्यावर आणि बाळगण्यावरही बंदी आली, आणि आमिषाच्या व्याख्येत विषाबरोबर काच, प्लास्टिक, धातूचे तुकडे आणि स्फोटक पदार्थ भरलेले घासही आले. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. विषबाधेचा संशय आला की पशुवैद्यानं महापौराला आणि सरकारी पशुवैद्यकीय सेवेला कळवायचं. मेलेलं जनावर सरकारी प्रयोगशाळेत जाणार. महापौरानं चौकशी सुरू करायची, जागा साफ करून घ्यायची आणि तिथे धोक्याच्या पाट्या लावायच्या. म्हणजे एका कुत्र्याच्या मृत्यूनं एका साखळीतल्या प्रत्येकाला काहीतरी करावं लागतं. स्पेनच्या अंदालुसियात २००४पासून विषविरोधी मोहीम चालू आहे, आणि तिथे रानावनात टाकलेली विषारी आमिषं हुंगून शोधणारी प्रशिक्षित कुत्र्यांची पथकं आहेत. ती मोहीम मुख्यतः वन्यजीवांसाठी आहे. पण रीत तीच. आधी शोधायचं, लिहायचं, मग बोलायचं.

आमच्याकडे उलटं होतं. एखाद्या कुत्र्याच्या छळाची बातमी आली की आरोपीला किती वर्षं डांबावं यावर चर्चा होते. शिक्षा वाढली पाहिजे हे मलाही मान्य आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्राण्यांच्या छळासाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद होती, २०२१च्या कायद्यानं ती पाच वर्षांवर नेली, आणि ते योग्यच झालं. पण पाच वर्षांची शिक्षा द्यायला आधी कुणीतरी सापडावं लागतं, सापडायला पुरावा लागतो, आणि पुरावा जर आपण पहाटे अंधारात खड्डा खणून पुरून टाकत असू, तर कायद्यातला आकडा पाच असो की पन्नास, विष घालणाऱ्याला त्याचं काहीच वाटणार नाही. त्याला भीती वाटते ती आपण पकडले जाऊ याची. मोठ्या शिक्षेच्या मागणीला टाळ्या पडतात, शवविच्छेदनाच्या मागणीला कुणी टाळी वाजवत नाही, पण माझ्या मते निवड करायचीच झाली तर दुसरी मागणी आधी पुरी व्हायला हवी.

नोंद का होत नाही याचं मूळ बरंच जुनं आहे. आपल्या मनात कुत्रं अजून मालमत्ता आहे. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या आधुनिक कायद्यांत ब्रिटनचा १८२२चा कायदा अगदी सुरुवातीचा मानतात. तो घोडे, गुरं, मेंढ्या यांच्यापुरता होता, कामाच्या आणि किमतीच्या जनावरांपुरता. कुत्र्यांना त्या संरक्षणात यायला १८३५ उजाडलं. प्राणी म्हणजे वस्तू नव्हे हे ऑस्ट्रियानं नागरी कायद्यात १९८८मध्ये लिहिलं, जर्मनीनं १९९०मध्ये. युरोपीय संघाच्या लिस्बन करारानं प्राण्यांना संवेदना असलेले जीव म्हटलं, तो करार २००९मध्ये लागू झाला. कायद्याची भाषा अशी हळूहळू सरकत आली आहे, पण पार्कच्या फाटकाशी ती अजून पोचलेली नाही. कुत्रं मेलं की आपण म्हणतो 'त्यांचं कुत्रं गेलं', जसं त्यांची छत्री हरवली. नुकसान त्यांचं, मग चौकशी आपण का करायची?

हीच वृत्ती कुंपणाच्या आतही दिसते, आणि हे लिहिताना मला स्वतःबद्दलही लिहावं लागेल. आमच्या पार्कात एक गृहस्थ यायचे, आतून खिळे असलेला पट्टा घातलेलं एक मोठं देखणं कुत्रं घेऊन. एकदा हाक मारल्यावर ते कुत्रं लगेच आलं नाही, दुसऱ्या कुत्र्यामागे पळत राहिलं. थोड्या वेळानं ते आपणहून मालकाकडे आलं. मालकानं त्याच्या बरगडीत लाथ मारली. कुत्रं पोटावर सरपटत खाली बसलं, कान मागे पाडून नजर चोरू लागलं, आणि गृहस्थ म्हणाले, "बघा, चूक केली हे कळतंय त्याला." आम्ही तिथे पंधरा-सोळा जण असू. कुणी मोबाइलमध्ये बघितलं, कुणी आपल्या कुत्र्याला हाक मारली. मी बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

त्या गृहस्थांना सांगायला हवं होतं ते हे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेनं २००९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यांच्या अपराधी चेहऱ्याचा त्यांनी खरोखर काही अपराध केला होता की नाही याच्याशी संबंध सापडला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, कुत्र्यानं काहीही केलेलं नसलं तरी. आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो ती भीती असते. आणि आपणहून आल्यावर लाथ बसलेलं कुत्रं यातून एकच गोष्ट शिकतं, की मालकाकडे येणं धोक्याचं आहे. पुढच्या वेळी ते आणखी उशिरा येणार आणि आणखी जोरात लाथ खाणार. मला हे सगळं तेव्हाही माहीत होतं. मी बोललो नाही, कारण ते त्यांचं कुत्रं होतं.

ज्या घरात जनावराला लाथ बसते त्या घरातल्या माणसांचं काय, हा प्रश्नही आपण नाडी बांधताना टाळतो. फ्रँक अॅशिऑन यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, घरातल्या मारहाणीमुळे निवाऱ्यात आलेल्या आणि घरी पाळीव प्राणी असलेल्या बायकांपैकी ७१ टक्के जणींनी सांगितलं की जोडीदारानं प्राण्याला इजा करण्याची धमकी दिली होती, किंवा इजा केली होती, नाहीतर मारून टाकलं होतं. अभ्यास लहान होता, त्यावरून प्रत्येक लाथ मारणाऱ्याला बायकोला मारणारा ठरवता येणार नाही आणि ठरवूही नये. पण छळ ही एकट्यानं येणारी गोष्ट नव्हे, एवढं तरी कळावं. अमेरिकेत एफबीआयनं २०१६पासून प्राण्यांच्या छळाची स्वतंत्र गुन्हा म्हणून आकडेवारी गोळा करायला सुरुवात केली. त्याआधी हे गुन्हे 'इतर' या रकान्यात जायचे. आपल्या बहुतेक पार्कांत अजून तो 'इतर'चा रकानाही नाही.

आता डॉग पार्कबद्दलच थोडं. कुत्र्यांना पट्ट्याविना पळता यावं म्हणून शहरात राखून ठेवलेली जागा ही तशी अलीकडची कल्पना. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधलं ओलोनी पार्क, १९७९ सालचं, हे अशा पहिल्या पार्कांपैकी मानलं जातं. एकमेकांना न ओळखणारी माणसं आपापली मोकळी जनावरं एका कुंपणात सोडतात, ते इतरांवर विश्वास ठेवून. हा करार कुठेही लिहिलेला नसतो. तो रोज नव्यानं पाळावा लागतो, आणि आपण तो फार ढिला पाळतो. पार्कात होणाऱ्या बहुतेक इजांमागे क्रूरपणा नसतो, दुर्लक्ष असतं, हे मला प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल. मालक बाकावर, डोळे पडद्यावर. चाळीस किलोचं कुत्रं चार किलोच्या कुत्र्यामागे धावतंय आणि मालक लांबूनच ओरडतोय, "काही करत नाही हो तो, खेळतोय." खेळताखेळता पळणारं, किंचाळणारं छोटं कुत्रं मोठ्याला अचानक शिकार वाटू शकतं, आणि एका झटक्यात पाठीचा कणा मोडतो. लहान आणि मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळे भाग करण्याचं कारण हे आहे. दुहेरी फाटकाचंही तसंच. मधल्या चौकोनात पट्टा काढायचा आणि मगच आतलं दार उघडायचं, कारण पट्टा असलेल्या कुत्र्याला मोकळ्या कुत्र्यांचा घोळका भेटला की ते पळू शकत नाही, मग दात दाखवतं. हे नियम पाटीवर असतात. पाटी गंजलेली असते.

लसीकरण अपुरं असलेलं पिल्लू घेऊन येणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, तुम्ही त्याला खेळायला आणत नाही आहात. आणि भर उन्हात चपट्या नाकाच्या कुत्र्याला पळवणाऱ्यांना हे, की कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला अंग थंड करावं लागतं, आणि ज्याचा श्वासमार्गच अरुंद आहे ते धापा टाकून टाकून कोसळतं. यालाही मी छळच म्हणेन. हेतू नव्हता म्हणून त्या जनावराचा त्रास कमी होत नाही.

मग दुर्लक्ष आणि क्रौर्य यांतला फरक कशानं कळणार? इथेही मी पुन्हा नोंदीकडेच येतो. कुंपणालगत सापडलेलं प्रत्येक विष कुणी द्वेषानंच टाकलेलं असतं असं नाही. उंदीर मारायला आलेल्या कंत्राटदारानं बंद पेटीत ठेवायचे दाणे उघड्यावर टाकलेले असू शकतात. गोगलगायी मारायला मेटाल्डिहाइड घालतात, त्यानं कुत्र्याला काही तासांतच झटके येतात. ब्रिटननं २०२२मध्ये त्याचा घराबाहेर वापर बंद केला. गाडीच्या इंजिनात घालायचं शीतक द्रव, एथिलीन ग्लायकॉल, चवीला गोडसर असतं. ते चाटलेलं कुत्रं आधी झोकांड्या खातं, मग बरं झाल्यासारखं वाटतं, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. पुन्हा तेच, मधला फसवा काळ. कोणतं विष होतं हे कळल्याशिवाय ते कुठून आलं हे कळणार नाही, आणि कुठून आलं हे कळल्याशिवाय कुणाला बोल लावायचा हेही नाही.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तिसऱ्या गोळ्यानंतर आमच्या पार्कात जे घडलं त्याची मला गोळ्याइतकीच भीती वाटली. शेजारच्या इमारतीत एक वयस्क गृहस्थ राहतात. त्यांनी भुंकण्याबद्दल आणि विष्ठेबद्दल पूर्वी दोनदा लेखी तक्रार केली होती. दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी त्यांचंच नाव. कुणीतरी त्यांच्या दारावर खडूनं 'खुनी' लिहिलं. त्यांच्याविरुद्ध कसलाही पुरावा नव्हता, आजही नाही. नोंद, नमुना, तपासणी यांपैकी काही नसलं की ती जागा संशय घेतो, आणि संशय नेहमी ज्यानं तक्रार केली त्याच्याकडेच जातो. नोंद असती तर कुत्री वाचली असती हे खरंच, पण त्या माणसाची इभ्रतही वाचली असती.

त्या गृहस्थांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पार्काबाहेरच्या पायवाटेवर विष्ठा पडलेली असायची. कुत्र्यांच्या विष्ठेतून टॉक्सोकारा या जंताची अंडी मातीत जातात, ती महिनोन् महिने टिकतात, आणि मातीत खेळणाऱ्या लहान मुलाच्या पोटात गेली तर क्वचित डोळ्यालाही इजा करू शकतात. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाची भीती खरी असते, तिला आपण 'अहो, काही करत नाही' म्हणून हसून टाकतो. पहाटे सहाला वीस कुत्र्यांचं भुंकणं ऐकणाऱ्या आजारी माणसाचा त्रासही खरा. मी विष घालणाऱ्याला यातून कणभरही सवलत देत नाही. तक्रार असलेल्या शंभर माणसांतला प्रत्येक जण काही विष घालत नसतो. पण आपण तक्रारींना दाद दिली नाही की विष घालणारा त्या शंभरांच्या गर्दीत लपतो. त्याला लपायला जागा आपण करून देतो. पिशवी खिशात ठेवणं, विष्ठा उचलणं, भुंकणाऱ्या कुत्र्याला थोडा वेळ बाहेर नेणं, ही आपल्या कुत्र्याच्या सुरक्षिततेची कामं आहेत.

आक्षेप येतो तो ठरलेला. माणसांचे इतके गुन्हे पडून आहेत, पोलिसांनी कुत्र्यांचे मृत्यू लिहीत बसायचं का? जमिनीवर पडलेला गोळा कुणासाठी आहे हे गोळ्याला माहीत नसतं. त्या पार्काच्या जाळीलगत दीड-दोन वर्षांची मुलं बसतात, जे दिसेल ते तोंडात घालतात. घुबडं आणि कोल्हे विषबाधा झालेले उंदीर खातात आणि तेच विष त्यांच्या यकृतात साठतं. सार्वजनिक जागेत कुणीतरी विष पसरतो आहे, ही गोष्ट नोंदवण्याच्या लायकीची नसेल तर मग काय असेल? आणि काम म्हणाल तर ते पोलिसांनी एकट्यानं करायचं नाहीच. पशुवैद्याला लक्षणं कळतात, प्रयोगशाळेला विष ओळखता येतं, उद्यान सांभाळणाऱ्यांकडे फाटकाची किल्ली असते. या तिघांना जोडणारा एक कागद नाही, एवढीच उणीव आहे.

कॅमेरे लावा म्हणणारेही खूप आहेत. लावावेत, विरोध नाही. पण रात्री जाळीवरून आत भिरकावलेला गोळा कॅमेऱ्यात ठिपक्याएवढाही दिसत नाही. त्यापेक्षा सकाळी फाटक उघडण्याआधी दोन माणसांनी कुंपणाच्या आतून एक फेरी मारावी, गवताच्या कडेला बघत. रघू मारायचा तशी.

ही फेरी आम्ही आता सुरू केली आहे. काही सापडलं तर हातमोजा घालून पिशवीत घालायचं, जागेचा फोटो काढायचा, आणि पिशवी पशुवैद्यांकडे. कुत्र्यानं काही गिळल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता निघायचं. घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढायची नाही, मिठानंच जीव जाऊ शकतो, आणि गोळ्यात सुई किंवा काच असेल तर ओकारीनं ती घशात रुतते. ओकलंच तर ते सोबत न्यायचं. आणि दुर्दैवानं काही झालं तर पुरण्याआधी एक दिवस थांबायचं, थंड जागी ठेवायचं, शवविच्छेदनाची मागणी करायची. हे सांगायला जीभ रेटत नाही. ज्याचं कुत्रं नुकतंच गेलं आहे त्याला 'फाडून बघू या' म्हणणं किती कठीण आहे ते मला त्या बीगलच्या घरच्यांशी बोलताना कळलं. दोघंही रडत होते, आणि रडतारडताच म्हणाले, "आधी कुणीतरी सांगायला हवं होतं."

खिळ्यांच्या पट्ट्याच्या गृहस्थांशी मी अखेर बोललो. तीन आठवडे उशिरा. ते चिडले, पार्क बदलला. त्यांचं कुत्रं आता कुठे आहे, कसं आहे, मला माहीत नाही, आणि ही गोष्ट मला छळते. बोलायला हवं होतं ते त्याच क्षणी, पंधरा जणांनी मिळून.

फाटकाच्या आतल्या बाजूला आता एक वही टांगली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, पावसानं भिजू नये म्हणून. तारीख, कुत्रं, काय झालं, कुठे सापडलं. कुणी चाव्याची नोंद करतं, कुणी जाळी फाटल्याची. तिला कायद्याचा आधार नाही, उद्या कुणी फाडून टाकली तरी विचारणारं कुणी नाही. ती सरकारी असावी, तिच्यावर शिक्का असावा, तिच्यातल्या ओळीनं कुणाला तरी उठून यावं लागावं, म्हणून आम्ही अर्ज केला आहे. सत्तेचाळीस सह्या आहेत त्यावर. एक सही भुंकण्याची तक्रार करणाऱ्या त्या गृहस्थांची आहे.

वही टांगली त्या दिवशी आजी आल्या होत्या. पहिली ओळ रघूची लिहा म्हणाल्या. मी पेन उघडलं आणि तारीख विचारली. त्यांना वार आठवत होता, तारीख आठवेना. मलाही आठवेना. आम्ही तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला विचारलं.